दोन बोटं समुद्र

अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधून डोरीन मॅडम
सायकल-रिक्षात, मांडीवर धरून, समुद्र घेऊन आल्या.
टिमकीत आमच्या दुकानात
लग्नाच्या न् हाराच्या फोटोंमधून वाट काढत
काउंटरवर ठेवला.
"सासऱ्यांच्या सासऱ्यांचा," म्हणाल्या,
"कुठली लढाई, माहीत नाही. काच तेवढी बदल."

मी मागचे खिळे उपटले.
पुठ्ठ्यातून कसर पळाली, चंदेरी, घाईची,
आणि कागद मोकळा झाला.

दोन लोखंडी जहाजं.
एक पालथ्या कढईसारखं,
दुसरं म्हणजे नुसता पाट, त्यावर डबा ठेवलेला.
मध्ये धूर,
पिंजाऱ्याच्या धनुकलीतून आत्ताच सुटल्यागत.
लाल रंग छापताना घसरलाय:
आग जहाजाला न लागता
शेजारच्या लाटेला लागलीय.
घाई असणार. बातमी ताजी, गिऱ्हाईक दारात.
आणि ज्यानं काढलं त्यानं ही लढाई
पाहिलीच नसणार,
लाटा सगळ्या एका मापाच्या, कंगव्यानं ओढलेल्या.
मला तरी काय कळणार म्हणा,
मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी अंबाझरी.

झेंडे मात्र निरखून काढलेत.
खालचं इंग्रजी पोरीनं वाचून दाखवलं:
एकाच देशातली माणसं. यादवी.

यादवी म्हटलं की मला पहिले आपलेच आठवतात,
प्रभासच्या काठावर पिऊन भांडलेले.
मुसळाचा चुरा करून समुद्रात टाकला
न् निश्चिंत झाले;
त्याच चुऱ्याचं गवत काठावर उगवलं,
तेच उपटून एकमेकांना मारलं.
लोखंड समुद्रातून परत येतं.
तिकडं जहाज होऊन आलं, एवढंच.
पण आमच्याकडे फ्रेमला येतो तो बासरीचा फोटो.
गवताचा
अजून कोणी मागितला नाही.

आम्ही मूळचे कोष्टी. फ्रेमा नंतरच्या.
बाबा सांगायचे, त्यांच्या आज्याच्या बापाचा माग
चार वर्षं उपाशी होता.
सातासमुद्रापार कोणी तरी
जहाजं आडवी लावून बंदरं बुजवली,
म्हणून इकडं हिंगणघाटचा कापूस
गाड्या भरभरून मुंबईच्या वाटेला लागला,
सूत सोन्याच्या भावानं,
आणि म्हातारा सडकेवर खडी फोडायला.
"तिकडं बंदर बुजलं न् इकडं आपला माग बुजला, बाप्पा."
मी हसायची. आपलं न् जहाजाचं काय!
खरंखोटं त्यांनाच ठाऊक.
आता या धुरावर बोट ठेवून बघते,
कागद तिथं जरा मऊ लागतो.

तयार फ्रेम होती ती चित्राहून आखूड.
नवी करायची तर सहाशे जास्त.
मॅडमनी पर्स उघडली, बंद केली.
"खालचं दोन बोटं कापून टाक ना.
नुसतं पाणीच तर आहे."

त्या गेल्यावर भिंग लावलं.
नुसतं पाणी नव्हतं.
माणसं होती, मुंगीएवढी, हात वर केलेली.
अकरा मोजली.
बारावा लाटेआड आहे
की शाईचा थेंब, ठरेना.
यांना रंग द्यायचा राहिलाय.
झेंडे रंगवून झाल्यावर वेळ उरला नसेल.

बाबांची स्टीलची पट्टी कागदावर टेकवली होती,
कटर हातात.
मग कोण जाणे काऊन, पट्टी तशीच ठेवली
न् कागद मागं दुमडला.
करकरला, पण तुटला नाही.
वरून माउंट बसवला, काच पुसली,
पावतीवर 'कटिंग' लिहिलं, पैसे लावले नाहीत.

चित्र आता अजनीत आहे.
मालगाडी गेली की काच थरथरत असेल.
समोरून बघणाऱ्याला झेंडे, धूर,
लाटेला लागलेली आग.
दुमडीत ते अकरा.
बारावा असला तर बारा.